रात्रीत निवणारी टाकी : नाशिकमधील एका घरगुती सौर बंबाचा प्रकरण अभ्यास

नाशिकमधील एका दुमजली घराच्या गच्चीवर २०० लिटर क्षमतेचा, काचेच्या निर्वात नळ्यांचा सौर बंब बसवलेला आहे. घरात पाच माणसे राहतात आणि सर्वांच्या अंघोळी सकाळी सहा ते आठच्या दरम्यान होतात. पहिले दोन हिवाळे या बंबाने उत्तम काम दिले. तिसऱ्या हिवाळ्यात मात्र, दिवाळी उलटून गेल्यावर, सकाळी नळाला येणारे पाणी जेमतेम कोमट असू लागले आणि टाकीतील विजेचे कॉइल रोज लावल्याशिवाय अंघोळी होईनात. देखभालीसाठी आलेल्या तंत्रज्ञाने गच्चीवर एक फेरी मारली, एका नळीचे पांढरे पडलेले टोक दाखवले आणि नळ्या ‘गेल्या’ असून सगळ्या २० नळ्या बदलाव्या लागतील, असा निर्वाळा दिला. खर्च मोठा असल्यामुळे घरच्यांनी त्याआधी संपूर्ण संयंत्र तपासून घ्यायचे ठरवले. त्या तपासणीत काय आढळले, ते येथे क्रमाने मांडले आहे.

सौर बंबाच्या तक्रारीत पहिले खापर नळ्यांवर फुटते, कारण गच्चीवर गेल्यावर त्याच सर्वांत आधी दिसतात. परंतु पाणी तापवणे हे या संयंत्राचे निम्मेच काम आहे. तापलेले पाणी सकाळपर्यंत टाकीत राखणे आणि ते नळापर्यंत पोहोचवणे हे उरलेले निम्मे काम टाकी, पाइप, व्हॉल्व्ह आणि घरातले नळकाम यांच्यावर अवलंबून असते. म्हणून पाणी ज्या वाटेने जाते त्याच वाटेने एकेक भाग तपासत जाणे हीच पद्धत मला योग्य वाटते, आणि येथे तीच वापरली.

पाण्याच्या वाटेवरचे भाग

या घराची थंड पाण्याची वरची टाकी १००० लिटरची असून ती लोखंडी स्टँडवर, बंबाच्या टाकीपेक्षा उंचावर आहे. बिनदाबाच्या सौर बंबात ही उंची फार महत्त्वाची असते, कारण बंबातले गरम पाणी स्वतःहून वाहत नाही. वरच्या टाकीतले थंड पाणी खालून आत येते आणि गरम पाण्याला बाहेर ढकलते. वरच्या टाकीचा तळ बंबाच्या माथ्यापेक्षा खाली राहिला, तर टाकीतील पाणी उतरताच गरम नळ कोरडा पडतो. येथे उंची पुरेशी होती.

वरच्या टाकीतून बंबाकडे स्वतंत्र लाइन निघते. तिच्यावर एक बॉल व्हॉल्व्ह आणि त्याच्यापुढे पितळी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे बोलीतला एनआरव्ही, बसवलेला होता. पाण्याला बंबाकडे जाऊ द्यायचे आणि उलट दिशेने येऊ द्यायचे नाही, एवढेच एनआरव्हीचे काम. आत एक छोटी झडप बिजागरीवर लटकलेली असते. पाणी पुढे जाताना ती उचलली जाते आणि प्रवाह उलटला की आपल्या जागी बसते. या प्रकारचा व्हॉल्व्ह सहसा आडव्या पाइपवर, बाणाची दिशा पाहून लावतात. येथे तो लावला योग्य होता. त्याच्या आतल्या अवस्थेकडे पुढे येतो.

बंबाची टाकी आतून स्टेनलेस स्टीलची, बाहेरून रंगीत पत्र्याची आणि दोन्हींच्या मध्ये ५० मिलिमीटर जाडीच्या पफचा, म्हणजे उष्णता रोखणाऱ्या फोमचा, थर असलेली आहे. थंड पाणी तळाशी शिरते, गरम पाणी माथ्याजवळून निघते आणि माथ्यावर एक उभा उघडा पाइप आहे, त्याला व्हेंट म्हणतात. व्हेंट हा या संयंत्राचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग असला, तरी त्याच्यावाचून टाकी सुरक्षित राहू शकत नाही. २०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर गेले की सुमारे तीन लिटरने फुगते. हे वाढीव पाणी, पाण्यातून सुटणारी हवा आणि कडक उन्हात तयार होणारी वाफ यांना वाट लागते. उलट, पाणीपुरवठा बंद असताना टाकी रिकामी होऊ लागली तर आत हवा शिरावी लागते, नाहीतर पातळ पत्र्याची टाकी आत ओढली जाऊन चेपते. व्हेंटचे तोंड वरच्या टाकीतील पाण्याच्या सर्वोच्च पातळीपेक्षा उंच असले पाहिजे, नाहीतर त्यातून पाणी सतत वाहत राहील. या घरी ते सुमारे एक फुटाने उंच होते.

टाकीच्या खालच्या अंगाला ५८ मिलिमीटर व्यासाच्या आणि १८०० मिलिमीटर लांबीच्या २० नळ्या सिलिकॉनच्या रबरी कड्यांतून खोवलेल्या आहेत. प्रत्येक नळी म्हणजे खरे तर एकात एक घातलेल्या बोरोसिलिकेट काचेच्या दोन नळ्या. आतल्या नळीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर ऊन शोषून घेणारा काळसर लेप असतो आणि दोन नळ्यांमधली हवा काढून घेतलेली असते. निर्वात पोकळीमुळे शोषलेली उष्णता बाहेर जाऊ शकत नाही, म्हणूनच रणरणत्या उन्हातही चांगल्या नळीची बाहेरची काच हाताला फारशी गरम लागत नाही. बंद टोकाशी बेरियमचा चंदेरी आरशासारखा लेप असतो. नळीत हवा शिरली की तो लेप पांढराफटक पडतो. त्या टोकाकडे पाहून नळी शाबूत आहे की नाही हे हात न लावता कळते.

नळीतले तापलेले पाणी हलके होऊन वर टाकीत चढते आणि टाकीतले थंड पाणी त्याच नळीतून खाली उतरते. २० अंशांच्या एक घनमीटर पाण्याचे वजन ९९८ किलो, तर ६० अंशांच्या पाण्याचे ९८३ किलो असते. दीड टक्क्याच्या या फरकावर सगळे अभिसरण चालते. पंप लागत नाही. अशा एका नळीत अडीच लिटरहून अधिक पाणी मावते, म्हणजे २० नळ्यांत मिळून ५० लिटरच्या वर पाणी कायम असते. हे पाणी नळाला येत नाही, पण तेही रोज तापवावे लागते.

काय अपेक्षित होते

कोणताही भाग दोषी ठरवण्यापूर्वी त्याच्याकडून किती कामाची अपेक्षा रास्त आहे, ते ठरवावे लागते. २०० लिटर पाणी ४० अंशांनी तापवायला सुमारे ९.३ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता लागते. निरभ्र दिवशी एका चौरस मीटरवर साधारण ५ युनिट ऊन पडते, आणि निर्वात नळ्यांच्या बंबात १०० लिटरमागे सुमारे दीड चौरस मीटर संग्राहक, म्हणजे ऊन झेलणारा नळ्यांचा भाग, धरतात. म्हणजे या बंबावर दिवसाला १५ युनिट ऊन पडते आणि त्यातला साठ टक्क्यांच्या आसपासचा वाटा पाण्यात उतरला, तर बंब आपले काम करतो आहे असे समजावे.

संग्राहकाचे तोंड दक्षिणेला होते. नाशिक सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण साडेशेहेचाळीस अंशांवरच असतो आणि दोन मीटर उंच वस्तूची सावली जवळजवळ तेवढीच लांब पडते. वरच्या टाकीचा स्टँड बंबाच्या उत्तरेला असल्याने सावलीचा प्रश्न नव्हता.

तीन मोजमापे

तपासणीचा खरा गाभा तापमानाच्या नोंदी हा होता. टाकीच्या माथ्याजवळचे आणि तळाच्या ड्रेन व्हॉल्व्हमधले अशी दोन्ही पाणी घेऊन त्यांची सरासरी धरली, कारण केवळ नळाला येणाऱ्या पाण्यावरून टाकीची अवस्था कळत नाही.

पहिली नोंद नेहमीच्या स्थितीत, काहीही न बदलता घेतली. सायंकाळी साडेपाचला टाकीचे सरासरी तापमान ५० अंश होते आणि सकाळी सहाला, कोणी गरम नळ उघडण्याआधी, ते २९ अंशांवर आले होते. एका रात्रीत २१ अंश. ऊन नसताना नळ्या पाणी तापवत नाहीत, तशा त्या शाबूत असतील तर निववतही नाहीत, आणि टोक पांढरे पडलेली नळी तर एकच होती. तेव्हा ही घट नळ्या गेल्याच्या निदानात बसत नव्हती. दुसरी गोष्ट अधिक बोलकी होती. स्वस्थ टाकीत माथ्याचे पाणी तळाच्या पाण्यापेक्षा स्पष्टपणे गरम असते, कारण गरम पाणी वर तरंगते. येथे सकाळी माथ्याला ३० आणि तळाला २८ अंश होते. एवढे सारखेपण येण्यासाठी टाकीतले पाणी कोणीतरी ढवळले पाहिजे, किंवा थंड पाणी तळाऐवजी वरून आत यायला हवे, म्हणजे ते जड असल्यामुळे खाली बुडत जाते आणि सगळ्यात मिसळते. वरून आत येण्याची वाट एकच होती : गरम पाणी बाहेर जाण्याचा पाइप.

दुसऱ्या नोंदीसाठी सायंकाळी बंबाच्या गरम निर्गमावरचा बॉल व्हॉल्व्ह बंद केला. टाकी ५१ अंशांवर होती, सकाळी ती ४६ वर मिळाली. चांगल्या पफची टाकी हिवाळ्याच्या रात्रीत पाचसहा अंश गमावते, म्हणजे टाकी आणि तिचे आवरण दोन्ही ठीक होते आणि उरलेली घट व्हॉल्व्हच्या पलीकडे, घराच्या नळकामात, होत होती.

तिसऱ्या नोंदीत त्याच सकाळी अंघोळी झाल्यावर, टाकी २१ अंशांवर आलेली असताना, तो व्हॉल्व्ह पुन्हा बंद केला आणि दिवसभर तसाच ठेवला. सायंकाळी पाचला टाकी ५९ अंशांवर होती. ३८ अंशांची वाढ म्हणजे सुमारे ८.८ युनिट उष्णता पाण्यात उतरली होती, आणि ही नोंद घेताना एक नळी बाद होती, हे लक्षात घेतले पाहिजे. त्या एका नळीचे टोक पांढरे पडले होते, बाकी १९ नळ्यांची टोके स्वच्छ चंदेरी होती. बदलायची होती ती एक नळी.

थंड पाणी कोठून येत होते

घरच्यांशी सविस्तर बोलल्यावर दोन बाबी पुढे आल्या, ज्या त्यांना बंबाशी संबंधित वाटल्या नव्हत्या. पहिली अशी की दिवाळीच्या आधी वरच्या मजल्यावरच्या शॉवरला जोर यावा म्हणून घराच्या थंड लाइनवर प्रेशर पंप बसवला होता, आणि तो रात्री कोणी नळ उघडलेला नसतानाही दर काही मिनिटांनी क्षणभर चालू होऊन बंद पडे. लाइनमध्ये हवा असेल, असे पंप बसवणाऱ्याने सांगितले होते. दुसरी बाब घरातल्या आजींनी सांगितली : हल्ली पहाटे स्वयंपाकघरातले साधे पाणीसुद्धा बोटांना बोचत नाही. मोजून पाहिले तेव्हा जमिनीखालच्या टाकीतले पाणी १७ अंशांवर आणि वरच्या टाकीतले २२ अंशांवर होते. थंडीच्या रात्रभर उघड्या गच्चीवर राहिलेली टाकी पहाटे जमिनीखालच्या टाकीपेक्षा गरम असणे स्वाभाविक नव्हे. बंबातली उष्णता तिच्यात येत होती.

मग एकेका न्हाणीघरात गरम आणि थंड लाइन कोठे एकत्र येतात, ते पाहिले. सामान्यतः ती जागा मिक्सरची असते. हँड शॉवरचा खटका सोडून पाणी थांबवायचे आणि मिक्सरचे दोन्ही नळ उघडेच ठेवायचे, ही सवय अनेक घरांत आढळते आणि तिथून एका लाइनचे पाणी दुसरीत शिरते. या घरात मिक्सर निर्दोष निघाले. दोष आजींच्या न्हाणीघरात होता. त्यांना कमोडजवळच्या जेट स्प्रेला हिवाळ्यात कोमट पाणी मिळावे म्हणून प्लंबरने गरम आणि थंड अशा दोन अँगल कॉकमधून दोन नळ्या घेऊन त्या एका पितळी टी-मध्ये जोडल्या होत्या आणि टीच्या तिसऱ्या तोंडाला जेट लावला होता. पाणी फार गरम येते म्हणून आजी गरम बाजूचा कॉक बंदच ठेवत. पण तो बंद केला तरी पूर्ण बंद होत नव्हता; क्षाराने त्याचा वायसर खाल्ला होता. गरम लाइनच्या बाजूचा जोड सोडून खाली एक लिटरचे माप धरले, तेव्हा पंप चालू असताना टीकडून कॉकच्या आतून उलट झिरपणाऱ्या पाण्याने ते पाच मिनिटांत भरले. तासाला १२ लिटर, म्हणजे सायंकाळी सहा ते सकाळी सहा १४४ लिटर.

या आकड्याचा ताळा तापमानाशी जुळतो. ५० अंशांची टाकी स्वाभाविक घटीने ४५ वर येते. तेथून ती २९ वर यायची तर २०० लिटरपैकी किमान ११५ लिटर पाणी जाऊन त्याजागी १७ अंशांचे पाणी यावे लागते, आणि थंड पाणी आत मिसळत असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून बरेच अधिक.

पहिले दोन हिवाळे हे का घडले नाही, याचे उत्तर दाबात आहे. टी तेव्हाही होता. परंतु तेव्हा थंड आणि गरम दोन्ही लाइन एकाच टाकीच्या उंचीवर चालत होत्या आणि दोन्हींत वरच्या मजल्याच्या नळाशी सारखाच, जेमतेम ०.४ किलोचा (दर चौरस सेंटिमीटरला) दाब असे. तेव्हा झिजलेल्या कॉकमधूनही पाण्याला ढकलणारे काही नव्हते. पंपाने थंड लाइनचा दाब दीड किलोवर नेला आणि गरम लाइन होती तिथेच राहिली.

एका दोषाने दुसरा झाकला

या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग याच्यापुढे आहे. बंबात उलट वाटेने शिरलेले पाणी कोठेतरी बाहेर पडले पाहिजे. थंड लाइनवर एनआरव्ही असल्याने ती वाट बंद हवी होती आणि जादा पाणी व्हेंटमधून गच्चीवर सांडायला हवे होते. तसे झाले असते, तर पंप बसवला त्याच दिवशी गच्ची ओली दिसली असती आणि दोष शोधायला हिवाळा घालवावा लागला नसता. गच्ची कोरडी होती.

एनआरव्ही उघडला तेव्हा कारण दिसले. झडपेच्या बिजागरीवर आणि बैठकीवर करड्या-पांढऱ्या क्षाराची ज्वारीच्या दाण्याएवढी जाड पुटे चढली होती आणि झडप अर्धवट उचललेल्या स्थितीत घट्ट बसली होती. बोटाने दाबूनही ती हलली नाही. त्यामुळे पाण्याचे चक्र पूर्ण होत होते : वरच्या टाकीतून पंपात, पंपातून थंड लाइनने आजींच्या न्हाणीघरात, टीमधून गरम लाइनीत, तेथून उलट बंबात आणि बंबाच्या तळातून अडकलेल्या एनआरव्हीमार्गे परत वरच्या टाकीत. पाण्याचा थेंबही बाहेर सांडत नव्हता, उष्णता मात्र रात्रभर वरच्या टाकीत जाऊन थंडीत विरत होती. रोज सकाळी कॉइल लावून २९ अंशांचे पाणी ४५ वर नेण्यात जवळजवळ पावणेचार युनिट वीज जात होती, आणि ती उष्णताही त्याच वाटेने थोडीथोडी निसटत होती.

क्षार हे दख्खनच्या बेसाल्टमधील बोअरच्या पाण्याचे नेहमीचे दुखणे आहे. या घरच्या पाण्याची एकूण कठीणता लिटरमागे ४८० मिलिग्रॅम निघाली. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० ही इष्ट आणि पर्यायी स्रोत नसेल तर ६०० ही कमाल मर्यादा धरली आहे, म्हणजे पाणी पिण्याजोगे असूनही बंबासाठी जड होते. पाणी तापले की त्यातले कॅल्शियम कार्बोनेट विरघळलेले राहू शकत नाही आणि गरम भागांवर बसते. नळ्यांच्या तळाशीही चार बोटे वाळूसारखा गाळ साचलेला मिळाला. नळीचे खालचे टोक बंद असल्याने तो गाळ ड्रेनमधून कधीच निघत नाही. नळी काढूनच धुवावी लागते.

दुरुस्ती

जेटचा टी काढून टाकला आणि जेट केवळ थंड लाइनवर ठेवला. आजींसाठी त्याच न्हाणीघरात कमोडशेजारी गरम पाण्याचा वेगळा छोटा नळ दिला. गरम आणि थंड पाणी कायमचे जोडणारी अशी टी कोणत्याही न्हाणीघरात असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. झिजलेला अँगल कॉक आणि अडकलेला एनआरव्ही बदलला. उद्या एखादा मिक्सर तसाच झिजला तर काय, हा घरच्यांचा प्रश्न रास्त होता, म्हणून बंबाच्या गरम निर्गमावरही हलक्या झडपेचा एक एनआरव्ही घातला. तेथे स्प्रिंगचा एनआरव्ही टाळला, कारण ०.४ किलोच्या दाबातला काही भाग स्प्रिंग उघडण्यातच खर्च होतो आणि वरच्या मजल्यावर पाण्याची धार बारीक होते.

बाद नळी बदलणे आणि बाकीच्या धुणे हे काम पहाटे, ऊन पडण्याआधी केले. रिकामी नळी उन्हात २०० अंशांच्या वर तापू शकते. तिच्यात थंड पाणी गेले की काच तडकते. नळ्या रिकाम्या असताना भर दुपारी टाकी भरायला घेण्याचा प्रमाद देखभालीला येणारेही करतात, त्यामुळे वेळ आधीच ठरवून घ्यावी. प्रत्येक नळी काढताना रबरी कडे तपासले, चार कडी कडक होऊन चिरली होती, तीही बदलली.

प्रेशर पंप काढायला घरचे तयार नव्हते आणि तशी गरजही नव्हती. त्याचा दाब बंबाला देणे मात्र शक्य नव्हते, कारण उघड्या व्हेंटची ही टाकी दीड किलोच्या दाबासाठी बनवलेली नसते. वरच्या शॉवरला गरम पाण्याचाही तेवढाच जोर हवा असेल, तर बंबाच्या निर्गमानंतर गरम पाण्याला चालणारा वेगळा छोटा पंप लावावा लागेल. तो निर्णय त्यांनी पुढे ठेवला आहे. तोवर त्या शॉवरच्या मिक्सरमध्ये थंड बाजू अगदी थोडी उघडावी लागते.

दुरुस्तीनंतर त्याच हिवाळ्यात, निरभ्र आठवड्यात, सायंकाळी ६० अंशांवर गेलेली टाकी सकाळी ५४ ते ५५ अंशांवर मिळू लागली, माथा आणि तळ यांच्यात पुन्हा सात-आठ अंशांचा फरक दिसू लागला आणि कॉइलचा स्विच बंद राहिला. रात्री पंपाचा आवाज थांबला. दोन्ही एनआरव्ही दर सहा महिन्यांनी उघडून क्षार काढायचा आणि नळ्या वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, धुवायच्या असे ठरले आहे. या कठीणतेच्या पाण्यात त्याहून लांबचा अवधी परवडणारा नाही.